हाताचा अख्त्यार

पाऊल मुरगळले, मान धरली, खांदा निखळला किंवा कमरेत उसण भरली म्हणजे कोणाकडे जावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रातील गावकऱ्याला शतकानुशतके पडलाच नाही. तालमीत वस्ताद होता. पंचक्रोशीत एखादा हाडवैद्य होता, जो लेप घालून आणि बांबूच्या कामट्या बांधून मोडलेले हाड जागेवर बसवी. बाळंतिणीच्या आणि अर्भकाच्या अंगाला तेल लावणारी, शेकशेगडी करणारी बाई घरोघर ठरलेली असे. आणि उसण तर पायाळू मनुष्याने पाठीला पाय लावला की उतरते अशी सार्वत्रिक श्रद्धा असल्यामुळे, केवळ जन्मताना पाय आधी बाहेर आले एवढ्या पुण्याईवर त्या मनुष्याला गावात मान मिळे. या मंडळींपाशी श्रद्धेखेरीज दुसरे काही नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. वडोदऱ्याहून द. चिं. मजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात जे व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले, ते चाळले तरी शरीराची ठेवण, मर्दन आणि हालचाल यांविषयीचे केवढे अनुभवसंचित आखाड्यांच्या लाल मातीत साठलेले होते याची साक्ष पटते. परंतु ही विद्या वारशाने किंवा गुरूच्या सहवासाने मिळे. तिला शाळा नव्हती, परीक्षा नव्हती, शिकलेल्यास सनद देणारे दफ्तर नव्हते. परक्या माणसाच्या दुखऱ्या अंगाला हात लावण्याचा अख्त्यार कोणाला आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न जेथे प्रथम उघडपणे विचारला गेला, तेथेच आज आपण ज्यास फिजिओथेरपी म्हणतो त्या व्यवसायाचा विद्यार्थी जन्मास आला, असे माझे मत आहे. आणि त्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाच्या आणि उमेदवारीच्या वर्षांचा इतिहास म्हणजे हा अख्त्यार त्याच्या हाती थोडाथोडा करून कसा आला त्याचा इतिहास होय.

या इतिहासाचा आरंभ बहुधा स्वीडनपासून करण्याचा प्रघात आहे. पेर हेन्रिक लिंग हा कवी आणि तलवारबाजीचा शिक्षक. पट्टा फिरविता फिरविता आपला जायबंदी हात सुधारला हे पाहून नियमबद्ध हालचालींत रोगनिवारणाचे सामर्थ्य आहे अशी त्याची खात्री झाली, आणि १८१३ साली स्टॉकहोम येथे त्याने राजाश्रयाने व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. तेथे शिकून बाहेर पडणारे बहुतेक लष्करी अधिकारी असत, आणि लष्करी शिस्तीनेच ते रुग्णाला व्यायाम देत. त्यांच्या सामाजिक प्रतिष्ठेविषयी कोणी शंका घेण्याचे कारणच नव्हते. लिंगच्या नावाने स्टॉकहोमला भरलेल्या लिंगियाड महोत्सवात १९४९ साली अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक सहभागी झाले होते, हे येथे जाता जाता नमूद करावेसे वाटते. कारण त्याच वर्षी इकडे मुंबईत जे संकट कोसळले, त्याने स्वीडनची विद्या अगदी निराळ्या वाटेने आपल्या दारात आणून उभी केली. परंतु ती वाट लंडनवरून येते.

लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मर्दनचिकित्सेचे मोठे प्रस्थ माजले होते, आणि ज्या गोष्टीचे प्रस्थ माजते तिच्या आडून जे गैरव्यवहार चालतात ते तेथेही चालू झाले होते. मर्दनगृहांच्या पाट्या लावून वेश्याव्यवसाय चालतो आहे अशी हाकाटी १८९४ साली ब्रिटिश वैद्यकीय संघटनेच्या मुखपत्रानेच केली, तेव्हा जी स्त्री प्रामाणिकपणे शिकून, रुग्णालयात राबून या कामावर पोट भरीत होती तिच्या इभ्रतीवर एकाएकी गदा आली. ल्युसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चौघींनी त्याच वर्षी प्रशिक्षित मर्दनकारिणींची एक संस्था स्थापन केली. या स्त्रिया परिचर्येच्या आणि सूतिकाकर्माच्या क्षेत्रातून आलेल्या असल्यामुळे बदनामीचा प्रतिकार निषेधाच्या ठरावांनी होत नाही, तो परीक्षेने आणि नोंदवहीने होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी केलेले नियम आज वाचताना त्यांतील कडकपणाचे आश्चर्य वाटते. डॉक्टरांच्या हुकमावाचून कोणत्याही रुग्णाला हात लावावयाचा नाही. पुरुष रुग्ण सर्वसामान्यपणे घ्यावयाचे नाहीत, आणि अपवाद करावयाचा तो डॉक्टरांच्या विशेष सूचनेवरून. वृत्तपत्रांतून जाहिरात करावयाची नाही. औषधे विकावयाची नाहीत. जी विद्यार्थिनी परीक्षा उतरेल आणि हे नियम पाळील तिचेच नाव संस्थेच्या यादीत राहावयाचे.

या नियमांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. शरीररचनेचे ज्ञान आणि हाताचे कसब यांच्या आधीची शर्त चारित्र्याची होती, आणि त्या चारित्र्याचा जामीन डॉक्टर होता. ज्या काळात स्त्रीला वैद्यकाचे दरवाजे जेमतेम किलकिले झालेले होते त्या काळात चौघी स्त्रियांनी स्वतःच्या हिमतीवर एक व्यवसाय उभा केला आणि तो उभा करताना त्याच्या निर्णयशक्तीची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली, याबद्दल पुढील पिढ्यांनी त्यांस पुष्कळ दूषण दिले आहे. मला ते दूषण योग्य वाटत नाही. त्या वेळी संरक्षण मिळविण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यासमोर नव्हता, आणि संरक्षणावाचून शाळाच निघाली नसती. तथापि हेही तितकेच खरे की, हुकमाची वाट पाहण्याची सवय एकदा शिक्षणात मुरली म्हणजे ती पिढ्यान्‌पिढ्या जात नाही. आणि पुढे ऐंशी वर्षे या व्यवसायातील प्रत्येक नवा उमेदवार ‘हुकूम कोठे आहे?’ हा प्रश्न मनात घेऊनच रुग्णाच्या खाटेपाशी गेला. १९२० साली संस्थेला राजसनद मिळाली आणि पुरुषही तिचे सभासद झाले, १९४४ साली तिने फिजिओथेरपी हे नाव धारण केले. नियमाचा गाभा मात्र तसाच राहिला.

मधल्या काळात युद्धाने या विद्यार्थ्यांची मागणी अकस्मात शतपट केली. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये आल्मेरिक पॅजेट यांच्या नावाने पन्नास मर्दनकारिणींचे जे पथक उभे राहिले, त्याचे युद्ध संपेतो एका मोठ्या लष्करी खात्यात रूपांतर झाले. आणि युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांनाही ही विद्या शिकविण्यात येऊन, जे डोळ्यांनी पाहू शकत नव्हते ते बोटांनी पाहू लागले. अमेरिकेने तर १९१८ साली आपल्या तरुण स्त्रियांसाठी ‘पुनर्रचना साहाय्यक’ असे एक निराळेच पद निर्माण केले. त्यांची आद्य शिक्षिका मेरी मॅकमिलन ही जन्माने अमेरिकन. परंतु तिचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते आणि लिव्हरपूलच्या रॉबर्ट जोन्स या विख्यात अस्थिशल्यविशारदापाशी तिने काम केले होते. ओरेगॉन प्रांतातील रीड कॉलेजात त्या उन्हाळ्यात तिने सुमारे दोनशे मुलींना तयार केले. ज्या विद्येला एरवी दोन वर्षे लागावयाची ती काही महिन्यांत पढवून या मुलींना लष्करी रुग्णालयांत रुजू करण्यात आले. त्यांना ना सैन्यातील हुद्दा होता, ना परिचारिकेचे स्थान. तुटलेल्या मज्जातंतूंचे आणि आखडलेल्या सांध्यांचे शेकडो जवान मात्र त्यांच्या पुढ्यात होते. १९२१ साली त्यांनीच आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि मॅकमिलन तिची पहिली अध्यक्ष झाली. आपल्याकडे त्याच महायुद्धात जखमी होऊन परतलेल्या हिंदी शिपायांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीची औद्योगिक शाळा निघाली, ती पुढे खडकीस गेली. पुढच्या महायुद्धात १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. अवयव गमावलेल्या माणसाला धंदा शिकवावा, पाय बसवून द्यावा, एवढी तजवीज आपल्या सरकारने केली होती. त्या पायावर चालावयास शिकविणाऱ्याची शाळा मात्र अद्याप निघावयाची होती.

ती शाळा निघाली लहान मुलांच्या आजाराने. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील ज्या पेशींवर स्नायूंच्या हालचालीची मदार असते नेमक्या त्याच पेशी मारतो. संवेदना शाबूत, बुद्धी शाबूत, आणि काल अंगणात धावणारे मूल आज पाय उचलीत नाही. काही पेशी मरतात, काही केवळ मूर्च्छित होतात, आणि मूर्च्छित पेशी जसजशा शुद्धीवर येतात तसतसा एखादा स्नायू आठवड्यामागून आठवडे किंचित सुधारत जातो. कोणता स्नायू मेला, कोणता झोपला, आणि झोपलेला कितपत जागा झाला, हे सांगण्याचे साधन त्या काळी हातावाचून दुसरे नव्हते. बॉस्टनमध्ये रॉबर्ट लोव्हेट या अस्थिवैद्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट या स्त्रीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्नायूंची शक्ती हाताने पारखून तिची प्रतवारी लावण्याची पद्धत घडविली. आणि दुसऱ्या महायुद्धात मज्जातंतूंच्या जखमांच्या निमित्ताने ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने शून्य ते पाच अशी जी श्रेणी रूढ केली, तीच आज आपल्याकडील विद्यार्थी पहिल्यापासून घोकतो. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे बोटाखाली केवळ स्फुरण. दोन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा विरोध काढून घेतला असता हालचाल. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल. चार म्हणजे वर थोडा दाब दिला तरी टिकणारी. पाच म्हणजे निरोगी. वाचताना हे अगदी सोपे वाटते. परंतु तीन आणि चार यांमधील भेद ज्या दाबावर अवलंबून आहे तो दाब किती द्यावयाचा, हे पुस्तकात लिहिता येत नाही. तीन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाची मांडी एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने तो दाब देताना जी जाण लागते, ती ज्येष्ठाच्या हातावर हात ठेवूनच शिकावी लागते. या प्रतवारीमुळे शिकाऊ उमेदवाराच्या हाताला प्रथमच असे काही मिळाले की जे डॉक्टरांच्या हुकमात नव्हते. स्नायूंचा तक्ता तो स्वतः भरी, आणि आधाराची पट्टी बांधावी की काढावी, शस्त्रक्रिया करावी की थांबावे, हे त्या तक्त्यावरून ठरे. हुकूम देणाऱ्याला आता हुकूम घेणाऱ्याच्या बोटांवर विश्वास ठेवणे भाग पडले.

१९४९ पासून सुमारे तीन वर्षे मुंबईत पोलिओने साथीचे रूप धारण केले. त्याच्या आधीच या शहरात एका मातेने धडपड आरंभिली होती. फातेमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतील उमर सोभानी यांच्या भगिनी. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला, उपचारांच्या शोधात त्या मद्रासपर्यंत गेल्या, आणि जे आपल्या मुलीसाठी मिळविले ते इतरांच्या मुलांना मिळावे म्हणून १९४७ साली त्यांनी मुंबईत एक दवाखाना सुरू केला, ज्यातून पुढे हाजी अलीच्या समुद्रकाठी मुलांचे अस्थिरुग्णालय आणि पुनर्वसनकार्य वाढीस लागले. परंतु साथ आली तेव्हा डॉक्टर होते, खाटा होत्या, उपकरणे मागविता येत होती. तासन्‌तास मुलापाशी बसून त्याचे स्नायू जागे करणारे शिक्षित हातच नव्हते. म्हणून भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रयत्नाने १९५२ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा स्थापन झाली. त्याच रुग्णालयात दोन वर्षे अगोदर, १९५० साली, कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली होती. आशियातील अशी पहिली शाळा म्हणून तिची गणना होते. कमलाबाई या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३० साली त्या भारतात आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. फलटणची जी शाळा आज त्यांचे नाव धारण करते तिच्यामुळे महाराष्ट्र त्यांना शिक्षणक्षेत्रातील म्हणून अधिक ओळखतो. परंतु पंगू माणसाच्या हाताला पुन्हा काम करावयास शिकविणारे पहिले भारतीय विद्यार्थी त्यांनी घडविले, ही गोष्ट मराठी माणसाच्या स्मरणात अधिक ठळकपणे असावयास हवी होती. १९५५ साली हाजी अलीलाच अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी या नव्या व्यावसायिकांनी आपली भारतीय संघटनाही उभारली.

के. ई. एम. रुग्णालय १९२६ साली ज्या जागी उभे राहिले ती जागा गिरणगावाच्या मधोमध होती, ही बाब विद्यार्थ्याच्या शिक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. व्याख्याने इंग्रजीत, ग्रंथ इंग्रजीत, आणि रुग्ण मात्र चाळीतून आलेला, मराठी बोलणारा, क्वचित कोकणातून किंवा घाटावरून थेट बोटीने किंवा गाडीने आणलेला. त्यामुळे ‘धर’, ‘सोड’, ‘ढकल’, ‘सैल ठेव’, ‘माझ्या हाताविरुद्ध ओढ’ हीच या शास्त्राची खरी परिभाषा झाली. मांडीचा स्नायू दुबळा असल्यामुळे प्रत्येक पावलाला हाताने गुडघा दाबीत चालणारे मूल, टाच जमिनीला न टेकणारे मूल, वर्षानुवर्षे रांगतच राहिल्यामुळे गुडघे आणि खुबे आखडून गेलेले मूल, या चाली विद्यार्थ्याने परदेशी ग्रंथांतील चित्रांत पाहण्याआधी बाह्यरुग्ण विभागाच्या दारात पाहिल्या. तेथेच त्याला हेही उमगले की आठवड्यातून दोनदा अर्धा तास दिलेल्या उपचाराने आखडलेला सांधा सुटत नाही. तो सुटतो तो आईने घरी रोज केलेल्या ताणण्याने, आणि म्हणून आईला शिकविणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे. ज्या स्त्रीच्या घरात अंगाला तेल लावण्याची परंपरा होती तिला मुलाचा पाय कसा धरावा हे फार सांगावे लागत नसे; चोळण्याने नव्हे, धरून ठेवण्याने आणि मुलाकडून हालचाल करविण्याने स्नायू वाढतो, एवढेच तिला पटवावे लागे. जुन्या हातांची विद्या आणि नव्या शाळेची विद्या यांची गाठ पडली ती या ठिकाणी.

या शाळेतील आणि तिच्यानंतर निघालेल्या इतर शाळांतील विद्यार्थिजीवनाचा साचा पुढे कित्येक दशके फारसा बदलला नाही. पहिल्या वर्षी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच शवविच्छेदनगृह; प्रत्येक स्नायूचा उगम कोठे, शेवट कोठे, त्याचा मज्जातंतू कोणता, याचे अहोरात्र पाठांतर. व्यायामोपचारासाठी डेना गार्डिनर यांचा ग्रंथ, विद्युतोपचारासाठी क्लेटन, रोगोपचारासाठी जोन कॅश, स्नायुपरीक्षेसाठी डॅनियल्स आणि वर्दिंगहॅम. ही नावे महाराष्ट्रातील या व्यवसायाच्या अनेक पिढ्यांच्या तोंडी घरच्या माणसांच्या नावांसारखी बसलेली आहेत. परंतु खरी शाळा भरे ती प्लिंथच्या, म्हणजे उपचाराच्या बाकाच्या, दोन बाजूंना. या विद्येत पहिला रुग्ण म्हणजे वर्गमित्र. त्याच्या खांद्याचा कोन मोजावयाचा, त्याच्या पोटरीवर मर्दनाचे हात बसवावयाचे, त्याच्या कातडीवर खूण करून मज्जातंतू जेथे स्नायूत शिरतो ते स्थान शोधावयाचे. आणि फॅराडिक विद्युत्प्रवाहाचा चिमटा रुग्णाला देण्यापूर्वी स्वतःच्या हातावर घ्यावयाचा. छताला टांगलेल्या दोऱ्या, झोळ्या आणि स्प्रिंगा यांची जी चौकट ऑलिव्ह गथ्री-स्मिथ या इंग्रज स्त्रीच्या नावाने ओळखली जाते, तिच्यात स्वतः लटकून पाहिल्यावाचून अधांतरी हाताचे वजन नाहीसे झाले म्हणजे दुर्बळ स्नायूला केवढा दिलासा मिळतो हे कळत नाही. वैद्यकाच्या अन्य कोणत्याही शाखेत विद्यार्थ्याला इतका काळ स्वतः रुग्णाच्या जागी राहावे लागत नाही, आणि मला वाटते, या व्यवसायातील माणसांच्या हातात जो सौम्यपणा दिसतो त्याचे मूळ येथेच आहे. परक्याच्या हाताखाली आपले अंग सोपवून देताना मनाचा जो संकोच होतो, तो त्याने कोवळ्या वयात वर्षभर रोज अनुभवलेला असतो. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून आलेल्या मुलींना हा संकोच किती ओलांडावा लागला असेल, याची कल्पना त्या काळची राहणी ठाऊक असणाऱ्यास सहज करता येईल.

शिक्षण पुरे झाल्यावरचा काळ मात्र अधिक बिकट असे. नेमणूक मिळे ती रुग्णालयात, आणि तेथे डॉक्टरांकडून येणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा तीनच शब्द असत: शेक, मर्दन, व्यायाम. जो स्नायू-स्नायूचा तक्ता भरावयास शिकला होता त्याने या तीन शब्दांतून उपचार उभा करावयाचा, आणि उभा केलेला उपचार चुकीच्या निदानावर आधारलेला आहे असे हाताला जाणवले तर ते सांगावयाचे कसे, याचा धडा कोणत्याही ग्रंथात नव्हता. कोणी सांगण्याचे धैर्य करी, कोणी करीत नसे. जेथे ज्येष्ठ डॉक्टर ऐकून घेणारा मिळाला तेथे उमेदवार दोन वर्षांत तयार झाला, आणि जेथे मिळाला नाही तेथे तो दहा वर्षे शेकाचे दिवे लावीत आणि विझवीत राहिला. पुष्कळजण परदेशी गेले. प्रथम इंग्लंड, मग अमेरिका, आखाती देश, ऑस्ट्रेलिया. त्यांना नेणारी केवळ वेतनाची ओढ नव्हती, तेथे चिठ्ठीची भाषा बदलू लागली होती हेही एक कारण होते. ऑस्ट्रेलियातील संघटनेने १९७६ साली डॉक्टरांच्या पाठवणीवाचून रुग्ण न घेण्याचा आपला जुना नियम रद्द केला, आणि पुढील वर्षी ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या परिपत्रकाने उपचाराची निवड फिजिओथेरपिस्टने स्वतः करावी हे मान्य केले. १८९४ च्या नियमाचा अंमल त्याच्या जन्मभूमीतच संपला.

उमेदवारीच्या या इतिहासात वेल्लोरचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. बोटे मिटविणाऱ्या एका सुदृढ स्नायूची कंडरा काढून ती निराळ्या ठिकाणी जोडावयाची, म्हणजे मेलेल्या स्नायूंचे काम तो करील, ही त्यांतील युक्ती. परंतु कंडरा हलविली तरी मेंदूला त्याचा पत्ता नसतो. पूर्वी जो स्नायू मूठ वळवीत होता त्याने आता बोट सरळ ठेवावयाचे आहे, हे रुग्णाला आठवडेच्या आठवडे शिकवावे लागते, आणि तेही ज्या हाताला स्पर्श कळत नाही अशा हाताला. यासाठी कुष्ठधामांत जे साहाय्यक तयार करण्यात आले त्यांपैकी अनेकांपाशी मोठी पदवी नव्हती. परंतु ज्या देहाला त्याचे आप्तही शिवत नव्हते त्याला रोज सकाळी हात लावण्याचे काम त्यांनी केले. आपल्या समाजात शिवणे आणि न शिवणे यांवर माणसाची किंमत ठरविण्याची जी रीत होती ती ध्यानात घेतली, म्हणजे या तरुणांच्या उमेदवारीचे मोल कोणत्याही परीक्षेच्या गुणांनी मोजता येणार नाही असेच मी म्हणेन.

ज्या रोगाने भारतात या व्यवसायाला जन्म दिला तो रोग आता उरला नाही. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदलेल्या बालिकेनंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही, आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. व्यवसाय मात्र वाढला; पक्षाघाताचा रुग्ण, बदललेला गुडघा, अतिदक्षता विभागातील कफाने भरलेली छाती, अकाली जन्मलेले अर्भक, असे नवे रुग्ण त्याच्या हाती आले. पदविकेची पदवी झाली. १९९८ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अंमलाखाली ती साडेचार वर्षांची, अखेरचे सहा महिने उमेदवारीचे, अशी स्थिरावली. शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत पसरल्या. महाराष्ट्राने २००२ च्या अधिनियमाने व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी यांची राज्य परिषद निर्माण केली, आणि संसदेने २०२१ साली केलेल्या कायद्यात फिजिओथेरपिस्टने रुग्णाची सर्वांगीण तपासणी करावी आणि स्वतंत्रपणे अथवा इतर तज्ज्ञांसमवेत व्यवसाय करावा असे त्याच्या व्याख्येतच नमूद केले. जो अख्त्यार लंडनच्या चौघींनी स्वतःहून गहाण ठेवला होता तो येथे कायद्याने सोडवून आणला गेला.

या घटनेचा मला मनापासून आनंद आहे, आणि तरीही एक चिंता आहे. पोलिओच्या काळातील उमेदवाराला स्वातंत्र्य नव्हते, परंतु शेजारच्या प्लिंथपाशी एक ज्येष्ठ उभा असे, जो त्याचा भरलेला तक्ता पुन्हा स्वतःच्या हाताने पडताळी. आज पदवी घेऊन बाहेर पडलेला तेवीस वर्षांचा तरुण कोठे अल्प वेतनावर एखाद्या खाजगी दवाखान्यात दिवसाकाठी न संपणाऱ्या रांगेला यंत्रे लावीत असतो, कोठे दुचाकीवरून या घरून त्या घरी होम व्हिजिट करीत असतो, तर कोठे तालुक्याच्या गावी पहिल्याच वर्षी एकट्याने पाटी लावून बसतो. कायद्याने त्याला निर्णय घ्यावयास मोकळीक दिली आहे आणि तो निर्णय बरोबर होता की चूक हे सांगणारा कोणी त्याच्या जवळपास नाही. के. ई. एम., नायर आणि शीव या पालिकेच्या रुग्णालयांत, तसेच जिल्हा रुग्णालयांत, नव्या पदवीधरांसाठी पहिल्या दोन वर्षांच्या पगारी आणि मुदतीच्या जागा पुरेशा संख्येने निर्माण झाल्या, आणि त्या प्रत्येक जागेवर एका अनुभवी व्यक्तीची देखरेख बंधनकारक केली, तर त्यास येणारा खर्च रुग्णालयांच्या एकंदर कारभाराच्या मानाने किरकोळ असेल. आणि जिल्हा रुग्णालयात पक्षाघात होऊन पडलेल्या शेतकऱ्याला चौथ्या आठवड्याऐवजी दुसऱ्याच दिवशी कोणीतरी उठवून बसवील.